वीजजोडणीचा हक्क

नव्या घरासाठी वीज मागणारा मनुष्य बाजारातील गिऱ्हाइकाइतका स्वतंत्र नसतो. एका दुकानी माल न मिळाल्यास दुसऱ्या दुकानाची पायरी चढता येते. परंतु रस्त्यावरून गेलेल्या तारा बहुधा एकाच पुरवठादाराच्या असतात. ही अगतिकता ओळखूनच कायद्याने तारा टाकण्याचा परवाना आणि जोडणी देण्याचे कर्तव्य यांची गाठ बांधली. ती गाठ कोठे घट्ट राहिली आणि कोठे सैल झाली, हा इतिहास उद्बोधक आहे.

या कल्पनेचे मूळ इंग्लंडात सापडते. तेथील १८९९ च्या कायद्याने, मुख्य वाहिनीपासून ५० यार्डांच्या आतील जागेच्या मालकाने अथवा भोगवटादाराने मागणी केल्यास पुरवठा करणे कंपनीस बंधनकारक केले. हाच विचार १९१० च्या भारतीय विद्युत अधिनियमात उतरला. त्याच्या २२ व्या कलमाने पुरवठा-क्षेत्रातील प्रत्येकास, सारख्या परिस्थितीतील इतरांना मिळणाऱ्या अटींवरच, वीज मागण्याचा हक्क दिला. परिशिष्टाने मागणीपासून एक महिन्याची मुदत घातली. मुख्य वाहिनीपासून १०० फुटांपलीकडील तारेचा व अर्जदाराच्या स्वतःच्या आवारातील तारेचा खर्च मात्र त्याच्याकडून मागता येई. रस्त्यात वाहिनीच नसेल, तर सहा किंवा अधिक मालक-भोगवटादारांनी एकत्र येऊन, ठराविक वापराची हमी देऊन ती मागावी, अशीही सोय होती.

मुंबई इलाख्यातील बेळगावास हा कायदा लागू होता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद ही संस्थाने आणि पोर्तुगीज अमलाखालील गोवा मात्र त्या वेळी त्याच्या कक्षेबाहेर होती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या वीजपुरवठा अधिनियमाने राज्य विद्युत मंडळांचा मार्ग मोकळा केला. खेडोपाडी वीज नेण्याचे प्रचंड कार्य पुढे या मंडळांनी केले, हे निर्विवाद होय. परंतु त्याच कायद्यात एक सूक्ष्म तरतूद होती. खाजगी कंपनीस बांधणारे २२ वे कलम मंडळांना लागू नव्हते. आणि महिन्याच्या मुदतीचा खंड लागू होता तो जेथे मंडळाची वाहिनी टाकून पुरवठा सुरू झाला असेल तेथेच. म्हणजे ज्या गावी तार पोहोचली नव्हती, तेथील रहिवाशाला विनंती करता येई, हक्क सांगता येत नसे. भांडवल अपुरे आणि मागणी अफाट असताना अशी सवलत समजण्याजोगी होती. पण तिची किंमत मोजली ती अंधारातील माणसाने.

१० जून २००३ रोजी अमलात आलेल्या विद्युत अधिनियमाने हे चित्र पालटले. त्याच्या ४३ व्या कलमातील मुदत पुन्हा एक महिन्याचीच आहे. परंतु ती आता सरकारी व खाजगी अशा सर्व वितरण परवानाधारकांना बांधते. वाहिनी वाढवावी लागत असल्यास किंवा गावात विजेची सोयच नसल्यास मुदत किती असावी, हे पुरवठादार नव्हे तर स्वतंत्र नियामक आयोग ठरवितो. कसुरीबद्दल दररोज १००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आयोगाने ठरविलेली सेवेची मानके न पाळल्यास अर्जदाराला भरपाई मिळते. तक्रारीसाठी निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत.

२०२० च्या ग्राहक हक्क नियमांत २०२४ साली सुधारणा होऊन महानगरांत तीन दिवस, अन्य नगरपालिका क्षेत्रांत सात दिवस व ग्रामीण भागात पंधरा दिवस अशा कमाल मुदती आल्या. डोंगराळ ग्रामीण भागात ती तीस दिवसांची आहे.

तात्पर्य, मुदत लिहिणे सोपे असते; ती मोडल्यास जाब कोणी विचारायचा, हे ठरविण्यात कायद्याचे खरे सामर्थ्य असते. आणि ही मुदत सुरू होते ती परिपूर्ण अर्ज व आवश्यक रक्कम भरल्यापासून. म्हणून अर्ज दिल्यावर तारखेची पोच मागून घेण्यास कोणीही संकोच करू नये. शंभर वर्षांच्या खटाटोपाने मिळालेला हक्क त्या चिठोऱ्यावाचून सिद्ध करणे कठीण जाते.