विवाहसंस्कार : वधूची फुले व पादत्राणे

वधूने कोणती फुले निवडावीत वा कोणते बूट घालावेत, याविषयी ख्रिस्तसभेचा नियम नाही. शुभ्र पोशाखदेखील विधीचा भाग नव्हे. १८४० साली इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया शुभ्र पोशाखात, संत्र्याच्या फुलांचा मुकुट घालून विवाहबद्ध झाली. त्यानंतर ही रीत फोफावली.

नियम आहे तो वेदीच्या सजावटीचा. रोमन मिस्साग्रंथाच्या मार्गदर्शिकेनुसार (कलम ३०५) प्रायश्चित्तकाळात वेदी फुलांनी सजविण्यास मनाई आहे. त्या काळातील चौथा रविवार, महोत्सव व सण हे अपवाद. आगमनकाळात सजावट माफक असावी. एरव्हीही फुले वेदीच्या फलकावर न ठेवता तिच्याभोवती मांडावीत. म्हणून तारीख पक्की करण्यापूर्वी धर्मगुरूंना भेटावे, फुलवाल्याला विसार नंतर द्यावा. हा क्रम उलटला की ऐन लग्नघरात रुसवेफुगवे होतात. वसईच्या वाडीतील मोगरा परदेशी फुलांहून कमी सुगंधी नाही, आणि त्यासाठी वडिलांना कर्जही काढावे लागत नाही.

बुटांबाबत एवढेच : विधीत बराच वेळ उभे राहावे लागते, म्हणून टाचा बेताच्या असाव्यात. वधू-वर आशीर्वादासाठी गुडघे टेकतात, तेव्हा बुटांचे तळ साऱ्या भाविकांना दिसतात. किमतीची चिठ्ठी आदल्या दिवशीच काढून टाकावी.