डोळ्यांत टाकायचे थेंब: तपासणीचे कोणते, उपचाराचे कोणते आणि धोक्याचे कधी?

डोळे तपासायला गेलं की सहाय्यक डोळ्यांत थेंब टाकतात आणि डोळे मिटून बाहेर बसायला सांगतात. अर्ध्या तासाने मोबाइलवरची अक्षरं लागत नाहीत, रस्त्यावर आलं की ऊन सहन होत नाही. औषधाने नजर बिघडली, असं अनेकांना वाटतं. खरं तर ते औषध उपचाराचं नसतंच. डॉक्टरांना डोळ्याच्या आत नीट पाहता यावं, एवढंच त्याचं काम.

बाहुली मोठी करणारे थेंब

डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर काय चाललंय हे बाहुलीतूनच पाहावं लागतं. पण प्रकाश टाकला की बाहुली आकसते. ट्रॉपिकामाइड हे औषध तिला आकसवणारा स्नायू काही काळ सैल करतं. २०-३० मिनिटांत बाहुली मोठी होते आणि परिणाम साधारण ४ ते ६ तास टिकतो. जवळचं पाहताना भिंगाचा आकार बदलणारा स्नायूही तेवढा वेळ सुस्तावतो, म्हणून वाचता येत नाही. त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये, गॉगल सोबत ठेवावा. मधुमेह असलेल्यांनी तर या तपासणीचा कंटाळा करूच नये. पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांना होणारी इजा सुरुवातीला नजरेत काहीच फरक न दाखवता वाढत जाते. त्यामुळे वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा लागतो.

लहान मुलांचा नंबर काढताना कधी कधी अ‍ॅट्रोपिन वापरतात. त्याचा परिणाम आठवडा-दोन आठवडे राहतो, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर ही तपासणी टाळलेली बरी. अ‍ॅट्रोपिन बेलाडोना या विषारी वनस्पतीत सापडतं. बेलाडोनाचा इटालियन अर्थ ‘सुंदर स्त्री’. बाहुल्या मोठ्या आणि डोळे टपोरे दिसावेत म्हणून तिथल्या स्त्रिया तिचा रस डोळ्यांत घालत, असं सांगितलं जातं. आज याच औषधाचा ०.०१ टक्क्यासारखा सौम्य थेंब मुलांचा मायनस नंबर भराभर वाढू नये म्हणून डॉक्टर देतात.

रंग आणि बधिरता

डोळ्यात कचरा गेला, नख लागलं, तर डॉक्टर फ्लुरोसिन नावाचा नारिंगी रंग डोळ्याला लावतात. निळ्या प्रकाशात खरचटलेली जागा हिरवी चमकते. हाच रंग शिरेतून देऊन पडद्याच्या रक्तवाहिन्यांचे फोटोही काढतात. त्यानंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते. घाबरण्याचं कारण नसतं.

बधिर करणाऱ्या थेंबांची गोष्ट १८८४ची. व्हिएन्नातले डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करता येतो, हे दाखवून दिलं. आता कोकेनऐवजी प्रोपॅराकेनसारखी औषधं वापरतात. वेल्डिंगच्या उजेडाने डोळे चुरचुरायला लागले की ‘तेच थेंब घरी द्या’ अशी मागणी होते. ते देत नाहीत, कारण वारंवार वापरल्यास जखम भरत नाही आणि दुखणं कळत नसल्याने डोळा आतून खराब होत राहतो.

काचबिंदूचे थेंब

काचबिंदूमध्ये बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढून नस हळूहळू मरते. टिमोलॉल, लॅटानोप्रोस्ट ही औषधं दाब कमी करतात, गेलेली नजर परत आणत नाहीत. ‘थेंब टाकून फरक पडत नाही’ म्हणत अनेक रुग्ण ते बंद करतात. फरक न पडणं हेच तर त्या औषधाचं यश! टिमोलॉल मात्र दमा असलेल्यांना त्रासदायक ठरू शकतं, कारण डोळ्यातून ते रक्तात जातं. दमा असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

सर्वात मोठी चूक

डोळे लाल झाले की मेडिकलमध्ये जाऊन ‘थेंब द्या’ म्हणायचं, ही सवय घराघरांत आहे. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ आली, तेव्हा अशा बाटल्या हातोहात फिरल्या. साथीत येणारे डोळे बहुतांशी विषाणूंमुळे येतात आणि अँटिबायोटिकचा विषाणूंवर उपयोग नसतो. खरी अडचण वेगळीच आहे. अनेक थेंबांत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. औषधाच्या नावापुढचं ‘डी’ हे अक्षर बऱ्याचदा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं असतं.

स्टेरॉइडने लाली आणि खाज झटपट जाते, म्हणून ते आवडतं. पण काही जणांच्या डोळ्यातला दाब त्याने गुपचूप वाढतो. खाजणाऱ्या डोळ्यांसाठी महिनोन्‌महिने तीच बाटली आणून घालणाऱ्या मुलांना त्यातून काचबिंदू आणि मोतीबिंदू होतो. शेतात उसाचं पातं किंवा भाताचं कूस डोळ्याला लागलं, तर जखमेत बुरशी वाढू शकते. तिथे नॅटामायसिनसारखं बुरशीविरोधी औषध लागतं. त्याऐवजी स्टेरॉइड पडलं, तर बुरशी फोफावते आणि बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहू शकतो.

म्हणजे स्टेरॉइड वाईटच, असंही नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेत त्याशिवाय भागत नाही. तिथे ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू कमी करायचं असतं, मध्येच सोडायचं नाही. कायद्यानेही ते चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं.

थेंब टाकायचा कसा?

हात धुवावेत, खालची पापणी ओढून खोबण करावी आणि बाटलीचं तोंड कुठेही न टेकवता एकच थेंब टाकावा. डोळ्यात एका थेंबाहून जास्त औषध मावत नाही, बाकीचं गालावर ओघळतं. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा एक-दोन मिनिटं बोटाने दाबावा. त्याने औषध नाकात उतरत नाही आणि घशाला कडू लागत नाही. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबावं. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी; बहुतेक थेंब महिनाभराने टाकून द्यायचे असतात, अर्धी बाटली उरली तरी.