मूस (टायर)

मूस हे मोटारसायकलच्या टायरमध्ये हवेच्या ट्यूबऐवजी बसवले जाणारे, रबरी फेसाचे भरीव कडे होय. एंड्युरो, मोटोक्रॉस व लांब पल्ल्याच्या रॅली शर्यतींत पंक्चर टाळण्यासाठी त्याचा वापर होतो. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ 'फेस' असा आहे; सोनाराच्या मुशीशी त्याचा संबंध नाही.

पार्श्वभूमी

कच्च्या वाटेवरील मोटारसायकलींना बहुधा स्पोकची चाके असतात, कारण ती आघात सोसून घेतात. मात्र हे स्पोक रिमच्या मध्यभागी असलेल्या भोकांत अडकवलेले असल्याने तेथून हवा निसटते व ट्यूब घालणे भाग पडते. चिखलात वा वाळूत पकड मिळावी म्हणून हवा कमी ठेवली, की दगडावर आदळताना ट्यूब दगड व रिम यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. हे पंक्चर 'सर्पदंश' या अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखले जाते. शिवाय सैल टायर रिमवर सरकल्यास ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून तुटतो.

रचना व मर्यादा

मिशेलिन या फ्रेंच कंपनीचे 'बिब मूस' १९८० च्या दशकापासून डकार रॅलीसारख्या शर्यतींमुळे प्रसिद्धीस आले. कड्याचा आकार टायरच्या पोकळीपेक्षा किंचित मोठा असतो. ते दाबून बसवल्यावर दर चौरस इंचास सुमारे १३ पौंड हवा भरल्यासारखा परिणाम मिळतो. फेसातील सूक्ष्म पोकळ्या एकमेकींपासून अलग असल्यामुळे खिळा घुसला तरी टायर बसत नाही.

याची किंमतही मोजावी लागते. टायर व मूस यांच्यातील घर्षण कमी करण्यासाठी विशेष वंगण चोपडावे लागते. त्यात कसूर झाली किंवा डांबरी रस्त्यावर दीर्घकाळ वेगाने गाडी चालवली, तर मूस तापून आतल्या आत विरघळू लागते. म्हणूनच उत्पादक सार्वजनिक रस्त्यावर ते वापरण्यास मनाई करतात. हा इशारा केवळ औपचारिक समजू नये. दाब हवा तसा बदलता येत नाही, आणि वापरागणिक मूस आकसून मऊ पडते. पंक्चरवाल्याकडे ट्यूबला ठिगळ लावून मिळते. फाटलेल्या मुसेला असा इलाज नाही.

अन्य पर्याय

'ट्यूब्लिस' या अमेरिकी पद्धतीत रिमलगत एक अरुंद ट्यूब असते. तिच्यात १०० पौंडांहून अधिक दाब भरल्याने टायरच्या कडा रिमवर घट्ट आवळल्या जातात व स्पोकची भोके झाकली जातात. उरलेल्या पोकळीत अगदी कमी हवा ठेवता येते. आतील ट्यूबचा दाब प्रत्येक फेरीपूर्वी तपासणे आवश्यक असते. हीदेखील रस्त्यासाठी नाही.

रस्त्यावर चालणारा पर्याय म्हणजे ट्यूबलेस स्पोक चाक. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आर १०० जीएस या गाडीला स्पोक रिमच्या बाहेरील कडेत अडकवलेली चाके दिली, त्यामुळे टायरच्या पोकळीत भोकेच उरली नाहीत. भारतात रॉयल एनफील्डने हिमालयन ४५० साठी अशी ट्यूबलेस चाके २०२४ मध्ये उपलब्ध केली. लहान छिद्र पडल्यास टायर न काढता बाहेरून रबरी पट्टी ठासून ते बुजवता येते. पण दगडावर आपटून रिमची कड वाकली तर हवा राहत नाही. अशा वेळी तात्पुरती ट्यूब घालून पुढे जातात, त्यामुळे दूरच्या प्रवासात ट्यूबलेस चाकांचे स्वारही एक ट्यूब सामानात बाळगतात.