लायब्ररी गेली कुठे?

मंडळी, 'कॉल टू अनडिफाइंड फंक्शन मायएसक्यूएल_कनेक्ट' ही ओळ ज्याने पाहिली नाही, त्याने जुनं पीएचपी पाहिलंच नाही! मी या धंद्यात आलो तोवर २०१५ च्या पीएचपी ७ मधून ते फंक्शनच काढून टाकलं होतं. पण जुने सर्व्हर सांभाळताना ही एरर अजून भेटते आणि जो तो कोडमध्ये चूक शोधत बसतो. गोची सुरू झाली ती मात्र परवान्यापासून.

पीएचपी ४ सोबत मायएसक्यूएलची क्लायंट लायब्ररी आयतीच यायची. मायएसक्यूएल ४.० पासून तिचा परवाना एलजीपीएलऐवजी जीपीएल झाला आणि तो पीएचपीच्या परवान्याशी जुळेना. जुलै २००४ मध्ये पीएचपी ५ आलं ते लायब्ररीविनाच. मायएसक्यूएलवाल्यांनी मुक्त सॉफ्टवेअरला सवलत दिली खरी, पण तोवर घर फुटलं होतं. मग विंडोजवर डीएलएल फाइल पाथमध्ये ठेवा, लिनक्सवर कंपाइल करताना लायब्ररीचा पत्ता द्या, ही सगळी कसरत आपल्या गळ्यात! त्यात मायएसक्यूएल ४.१ ने पासवर्डची पद्धत बदलली. जुनी लायब्ररी जोडलेली असेल, तर सर्व्हर दारातूनच परत पाठवायचा.

शेवटी २००९ मध्ये पीएचपी ५.३ ने स्वतःच्या परवान्याखाली 'मायएसक्यूएलएनडी' आणलं. २०१२ च्या ५.४ पासून तेच डीफॉल्ट झालं आणि बाहेरच्या लायब्ररीची गरज संपली.

म्हणून सांगतो, जुन्या सर्व्हरवर आधी पीएचपीइन्फो उघडा, कोणती लायब्ररी जोडलीय ते बघा. कोड लिहिणाऱ्याला बोल नंतर लावू.