सर्व्हरची डिस्क भरली? लॉग फाइल पुसण्याआधी हे समजून घ्या

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा सहकाराचा जिल्हा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा हिशेब वह्यांमध्ये असत. आज साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ यांचे व्यवहार सर्व्हरवर चालतात. समजा, ऐन गाळप हंगामात 'डिस्कवर जागा शिल्लक नाही' असा संदेश आला आणि वजनकाट्याची पावती निघेना, तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. अशा वेळी जागा अनेकदा लॉग फाइलींनी खाल्लेली असते.

लॉग फाइल म्हणजे काय?

लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. पूर्वी जहाजाचा वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकत आणि तो वेग वहीत लिहीत. त्या वहीवरून हा शब्द संगणकात आला. सर्व्हरवर कोणी कधी लॉगिन केले, कोणती चूक आली, कोणती सेवा बंद पडली, हे सर्व वेळेसह लॉगमध्ये लिहिले जाते.

जागा का भरते?

प्रत्येक नोंद लहान असते, पण ती थांबत नाही. एखादा प्रोग्राम बिघडला आणि तीच चूक सेकंदाला शेकडो वेळा लिहू लागला, तर एका रात्रीत अनेक जीबी भरतात. दोष शोधण्यासाठी सुरू केलेली 'डीबग' पातळी नंतर बंद करायची राहून जाते, हेही नेहमीचे कारण. विंडोजमधील आयआयएस वेब सर्व्हर तर जुने लॉग स्वतःहून पुसत नाही.

जागा मोकळी कशी करावी?

१. आधी शोधा. लिनक्सवर 'डीएफ' कमांड कोणती डिस्क भरली ते सांगते, तर 'डीयू' कोणत्या फोल्डरने जागा घेतली ते दाखवते. लॉग बहुधा 'व्हार' फोल्डरमधील 'लॉग'मध्ये असतात.
२. फाइल वाचा. एकच चूक वारंवार दिसत असेल तर ती दुरुस्त करा. नाहीतर जागा पुन्हा भरेल.
३. जुन्या फाइली झिप करून दुसऱ्या डिस्कवर हलवा. लॉग हा साधा मजकूर असल्याने झिप केल्यावर तो खूपच लहान होतो.
४. चालू फाइल पुसू नका. प्रोग्रामने ती उघडी ठेवली असेल, तर लिनक्सवर नाव नाहीसे होते, पण जागा सुटत नाही. प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावरच ती मिळते. त्याऐवजी प्रत काढून फाइल आतून रिकामी करावी.
५. कायमची सोय करा. 'लॉगरोटेट' ठरावीक काळाने किंवा आकाराने नवी फाइल सुरू करते, जुनी झिप करते आणि मुदत संपलेली पुसते.

कोणती फाइल पुसू नये?

डेटाबेसची 'ट्रान्झॅक्शन लॉग' फाइल. नावात लॉग असले तरी ती निदानाची नोंद नव्हे, तो डेटाबेसचाच भाग आहे. ती पुसली तर डेटाबेस उघडणार नाही आणि पतसंस्थेच्या ठेवीदारांचे अलीकडचे व्यवहार गमावण्याची वेळ येऊ शकते. या फाइलीचा आकार डेटाबेसच्या नियमित बॅकअपमधूनच आटोक्यात ठेवायचा असतो.

लॉग किती दिवस ठेवावेत?

सायबर सुरक्षेसाठीची केंद्र सरकारची संस्था 'सर्ट-इन' हिने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यानुसार कंपन्या, सेवा पुरवठादार, डेटा सेंटर आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे मागील १८० दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवायचे आहेत. सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत ती कळवायची आहे. चोर कोणत्या दाराने आला हे लॉगच सांगतात. म्हणून जागा हवी असेल तेव्हा लॉग आधी हलवावेत आणि मुदत संपल्यावरच पुसावेत.