जाग येते, पण शरीर हलत नाही: स्लीप पॅरालिसिस म्हणजे नेमकं काय?

पहाटेचे साधारण चार वाजलेले असतात. तुमचे डोळे उघडतात. वर फिरणारा पंखा दिसतो, खिडकीतून येणारा रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड दिसतो, शेजारी झोपलेल्या भावाचं घोरणंही ऐकू येतं. म्हणजे तुम्ही जागे आहात. पण हात उचलायला जाता तर तो उचलला जात नाही. ओरडायचं असतं, पण तोंडातून आवाज फुटत नाही. छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वजन जाणवतं. आणि दाराजवळ कोणीतरी उभं आहे, याची पक्की खात्री वाटते.

थोड्याच वेळात सगळं नाहीसं होतं. हातपाय हलतात. अंग घामाने भिजलेलं असतं. खोलीत कोणीच नसतं.

तुमच्यासोबत असं कधी घडलं असेल, तर ही गोष्ट तुम्ही बहुतेक कोणाला सांगितली नसेल. मित्र हसतील असं वाटलं असेल, किंवा घरचे दृष्ट काढायला बसतील म्हणून गप्प राहिला असाल. पण या अनुभवाला वैद्यकशास्त्रात नाव आहे: स्लीप पॅरालिसिस. मराठीत काही जण त्याला 'निद्रा पक्षाघात' म्हणतात. तो का होतो हे बऱ्यापैकी समजलेलं आहे आणि एकट्या स्लीप पॅरालिसिसमुळे जिवाला धोका नसतो.

पॅरालिसिस म्हणजे लकवा का?

नाही. नावात पॅरालिसिस असलं तरी याचा लकव्याशी संबंध नाही. लकव्यामध्ये मेंदूचा रक्तपुरवठा अडतो किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. बहुतेक वेळा शरीराची एकच बाजू लुळी पडते, तोंड वाकडं होतं, बोलणं अडखळतं आणि ही लक्षणं पूर्ण जाग आल्यावरही राहू शकतात. तसं काही दिसलं तर एक मिनिटही न दवडता रुग्णालय गाठायचं असतं.

स्लीप पॅरालिसिसमध्ये दोन्ही बाजूंचे हातपाय हलत नाहीत, पण काही सेकंद ते काही मिनिटांत सगळं आपोआप पूर्ववत होतं. हा प्रकार झोप लागताना किंवा झोपेतून जाग येतानाच घडतो.

शरीर का हलत नाही?

याचं उत्तर आपल्या रोजच्या झोपेत आहे. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन या संशोधकांनी झोपेच्या एका वेगळ्या टप्प्याची नोंद केली. या टप्प्यात बंद पापण्यांखाली डोळे झपाझप हलतात. त्यावरूनच त्याला 'रॅपिड आय मूव्हमेंट' म्हणजे 'रेम' झोप असं नाव पडलं. आपली बहुतेक ठळक स्वप्नं या टप्प्यात पडतात. रात्रीत साधारण दर दीड तासाने हा टप्पा येतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो.

स्वप्नात आपण धावतो, भांडतो, जिने उतरतो. शरीराने ते सगळं खरोखर केलं तर आपण पलंगावरून खाली पडू. म्हणून रेम झोपेत मेंदूच्या तळाकडचा भाग, म्हणजे ब्रेनस्टेम, पाठीच्या कण्यातल्या स्नायू हलवणाऱ्या पेशींना थोपवून धरतो. ग्लायसीन आणि गाबा ही दोन रसायनं हे काम करतात. हातपाय, मान, जबडा सगळं सैल पडतं. डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचा मुख्य स्नायू, म्हणजे छाती आणि पोटामधला पडदा, एवढे मात्र चालू राहतात.

हे तुमच्या शरीरात रोज रात्री होतं. एरवी मेंदू जागा होतो तेव्हाच हे कुलूप उघडतं, म्हणून ते कळत नाही. स्लीप पॅरालिसिसमध्ये या दोन गोष्टींची वेळ चुकते. तुम्ही जागे होता, पण कुलूप काही क्षण तसंच राहतं.

जपानमधल्या काही संशोधकांनी १९९२ मध्ये हे प्रयोगशाळेत तपासलं. त्यांनी लोकांना रात्री मुद्दाम झोपेतून उठवलं आणि पुन्हा झोपायला लावलं. झोप अशी मोडल्यावर काहींना खरोखरच स्लीप पॅरालिसिस झाला आणि यंत्रावर जागेपणाच्या आणि रेम झोपेच्या खुणा एकाच वेळी उमटल्या.

मग ते 'कोणीतरी' कोण असतं?

कुलुपासोबत स्वप्नाचाही काही भाग मागे राहिलेला असतो. डोळ्यांना खरी खोली दिसत असते आणि त्यावर स्वप्नाचा थर चढतो. त्यामुळे जे दिसतं ते नेहमीच्या स्वप्नापेक्षा कितीतरी जास्त खरं वाटतं.

कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अॅलन चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये या अनुभवांचे तीन गट मांडले.

पहिला, खोलीत कोणीतरी असल्याची जाणीव. पावलं ऐकू येतात, सावली दिसते, कोणी कुजबुजल्यासारखं वाटतं. मेंदूतली धोका ओळखणारी यंत्रणा जागी झालेली असते, पण धोका कुठे आहे हे तिला सापडत नाही. मग अंधारातली ओढणी किंवा दारामागचा शर्टसुद्धा माणूस होतो. हे स्पष्टीकरण अनेक संशोधकांना पटतं, पण त्यावरचं काम अजून चालू आहे.

दुसरा, छातीवरचं ओझं आणि गुदमरणं. रेम झोपेत श्वास उथळ आणि अनियमित असतो. तुम्ही घाबरून खोल श्वास घ्यायला जाता, पण बरगड्यांचे स्नायू साथ देत नाहीत. त्यामुळे कोणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात श्वास चालू असतो.

तिसरा, तरंगल्यासारखं, पडल्यासारखं किंवा शरीराबाहेर गेल्यासारखं वाटणं. शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा सक्रिय असते, पण शरीर जागचं हललेलं नसतं. या विसंगतीतून ही भावना येते.

एकच अनुभव, गावोगावी वेगळं नाव

आपल्याकडे म्हणतात, 'छातीवर भूत बसलं'. कोणी मुंजाचं नाव घेतं, कोणी हडळीचं. बंगालमध्ये याला 'बोबाय धोरा' म्हणतात, म्हणजे 'बोबा'ने, मुक्या भुताने, धरलं. ओरडायचं असूनही आवाज न फुटण्याचं याहून नेमकं वर्णन सापडणार नाही. जपानी शब्द आहे 'कानाशिबारी', म्हणजे धातूने बांधून टाकल्यासारखं होणं. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये छातीवर म्हातारी चेटकीण येऊन बसते. इंग्रजीतल्या 'नाइटमेअर' शब्दातलं 'मेअर' हे झोपलेल्याच्या छातीवर बसणाऱ्या पिशाच्चाचं जुनं नाव आहे. त्या शब्दाचा घोडीशी संबंध नाही.

हेन्री फ्युसेली या चित्रकाराने १७८१ मध्ये 'द नाइटमेअर' हे चित्र काढलं. त्यात उताण्या झोपलेल्या बाईच्या छातीवर एक माकडासारखं पिशाच्च बसलेलं दिसतं. त्याच्याही आधी, १६६४ मध्ये, इसब्रांड व्हॅन डिमरब्रुक या डच डॉक्टरने एका रुग्ण स्त्रीची नोंद लिहून ठेवली होती. रात्री सैतान आपल्या अंगावर पडून आपल्याला दाबून धरतो, असं ती सांगत असे.

अमेरिकन लोकसाहित्य अभ्यासक डेव्हिड हफर्ड यांनी १९८२ च्या पुस्तकात एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. ज्यांनी न्यूफाउंडलंडच्या चेटकिणीची गोष्ट कधी ऐकलीच नव्हती, तेही अगदी तसाच अनुभव सांगत होते. म्हणजे लोक ऐकीव भुताची गोष्ट फक्त पुन्हा सांगत नव्हते. अनुभव खरा होता. त्याला नाव आणि चेहरा मात्र ज्याच्या त्याच्या गावाने दिला.

भीतीने त्रास वाढतो का?

बालंद जलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमध्ये बहुतेक लोक हा शरीराचा प्रकार मानत होते. इजिप्तमध्ये अनेक जण जिन्नचं नाव घेत होते. 'यात आपण मरू' ही भीती इजिप्तमधल्या लोकांमध्ये कितीतरी जास्त होती आणि त्यांचे झटके जास्त वेळ टिकत होते.

यामागचं चक्र असं असू शकतं, असं हे संशोधक म्हणतात. 'काल रात्री काहीतरी आलं होतं' या विचाराने माणूस झोपायला घाबरतो. घाबरल्याने झोप उशिरा लागते, सारखी मोडते. मोडलेल्या झोपेत स्लीप पॅरालिसिसची शक्यता वाढते. तो पुन्हा झाला की भुताची खात्री आणखी पक्की होते.

कोणाला होतो?

ब्रायन शार्पलेस आणि जॅक बार्बर यांनी २०११ मध्ये ३५ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात ३६ हजारांहून जास्त लोकांची माहिती होती. सर्वसाधारण लोकांपैकी सुमारे ८ टक्के जणांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव आला होता. विद्यार्थ्यांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होतं. तुमच्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून बघा, एक-दोन जण नक्की सापडतील.

शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी साधारण अशा:

- अपुरी झोप, रोज वेगळी झोपायची वेळ
- रात्रपाळी, लांबचा विमानप्रवास
- ताण, चिंता, मनाला बसलेला जुना धक्का
- उताणं झोपणं
- नार्कोलेप्सी हा झोपेचा आजार
- काही प्रमाणात आनुवंशिकता

परीक्षेच्या दिवसांत रात्र अभ्यासिकेत काढून सकाळी झोपणारे विद्यार्थी किंवा दर आठवड्याला शिफ्ट बदलणारे कर्मचारी यात सहज बसतात.

त्या क्षणी काय करावं?

1. स्वतःला सांगा: हा स्लीप पॅरालिसिस आहे, थोड्या वेळात जाईल.
2. जोर लावून उठायचा प्रयत्न करू नका. धडपडीने भीती आणि गुदमरणं वाढतं.
3. श्वास ओढू नका, आहे तसा चालू द्या.
4. मन एका चांगल्या गोष्टीवर लावा. आईचा चेहरा, एखादं गाणं, रोजची प्रार्थना, काहीही चालेल.
5. पायाचा अंगठा किंवा बोटाचं टोक हळूच हलवून अनेकांना फायदा होतो. नाही हललं तर सोडून द्या.

यातल्या बऱ्याच गोष्टी जलाल यांनी सुचवलेल्या पद्धतीत आहेत. २०२० मध्ये नार्कोलेप्सीच्या १० रुग्णांवर तिची चाचणी झाली. पद्धत शिकलेल्या रुग्णांमध्ये झटके जवळपास निम्म्यावर आले. प्रयोग फारच छोटा होता, पण या पद्धतीला खर्च काही नाही.

आजीने शिकवलेलं मारुतीस्तोत्र मनात म्हटल्यावर तुम्हाला बरं वाटत असेल, तर ते जरूर म्हणा. लक्ष भीतीवरून निघून ओळखीच्या शब्दांवर जातं, तेवढंही खूप असतं.

झटका गेल्यावर लगेच डोळे मिटू नका. उठून बसा, दिवा लावा, तोंडावर पाणी मारा. त्याच अवस्थेत परत झोपलं तर काहींना लागोपाठ दुसरा झटका येतो. शेजारी झोपणाऱ्यालाही सांगून ठेवा: 'मी विचित्र कण्हत असेन तर खांद्याला हात लावून हाक मार.' स्पर्शाने किंवा आवाजाने झटका अनेकदा मोडतो.

पुढे टाळायचा असेल तर झोपायची आणि उठायची वेळ ठरवा, पुरेशी झोप घ्या, संध्याकाळनंतर चहा-कॉफी कमी करा, अंथरुणात मोबाईल नको आणि कुशीवर झोपा.

डॉक्टरकडे कधी जावं?

वर्षातून एक-दोनदा होत असेल तर उपचारांची गरज नसते. पण वारंवार होत असेल, झोपायचीच भीती वाटत असेल किंवा दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल, तर डॉक्टरला दाखवा. दिवसा आवरता न येणारी झोप येणं, हसताना किंवा राग आल्यावर अचानक गुडघे ढिले पडणं ही नार्कोलेप्सीची लक्षणं असू शकतात. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं वेगळं असतं, त्याचीही तपासणी होते. सतत चिंता, उदासी असेल तर सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मोफत बोलता येतं.

घरच्यांसाठी

मुलगी किंवा सून सांगते की रात्री अंगावर कोणीतरी बसतं. तिला आधी बसवून नीट ऐकून घ्या. ती खोटं बोलत नाही आणि तिला वेडही लागलेलं नाही. 'बाहेरचं आहे' म्हणून तिला मांत्रिकाकडे नेण्याआधी तिची झोप किती होते, ताण कसला आहे हे विचारा. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते.

ज्याला कधीच हा झटका आलेला नाही, त्यालाही ही माहिती सांगून ठेवा. पहिल्यांदा अनुभव आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त घाबरवतं ते हेच, की आपल्याला काय होतंय ते त्याला कळत नाही.