धनुष्यावरची माशी

‘आकर्ण’ म्हणजे कानापर्यंत. पुराणातला वीर प्रत्यंचा आकर्ण ओढतो आणि ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. पण धनुष्यावर नेमाची खूण बसवायची, तर आकर्ण ओढून भागत नाही. हात कानाशी गेला की बाणाचं मागचं टोक डोळ्याच्या रेषेबाहेर सरकतं आणि बाणावरून नजर लावता येत नाही. म्हणून धनुष्याच्या ‘साइट’ची कुळकथा मला एका हाताच्या प्रवासात दिसते. तो हात कानापासून सुटून डोळ्याखाली येतो.

इंग्लंडमध्येही कानापर्यंत ओढण्याचीच जुनी रीत होती. होरेस फोर्ड यांनी तिला हरकत घेतली. १८४९ पासून सलग ११ वर्षं ते तिथले राष्ट्रीय विजेते होते. १८५६च्या त्यांच्या पुस्तकाचा आग्रह एवढाच, की बाण नेमक्या डोळ्याखाली हवा, म्हणजे त्याची दिशा दिसेल. १८५७ साली त्यांनी १००, ८० आणि ६० यार्डांवरून सोडलेल्या २८८ बाणांत १२५१ गुण मिळवले. हरकत घेणाऱ्याच्या हातात जोर होता!

बाण डोळ्याखाली आला तशी नवी युक्ती हाती आली. लक्ष्य जवळ असेल, तर बाणाचं टोक लक्ष्याच्या बरंच खाली, गवतावरच्या एखाद्या खुणेवर टेकवायचं. लक्ष्य लांब असेल, तर वर. मैदानात त्यासाठी लहानशी खुंटी रोवता येते. रानात ती कुठे रोवणार? हरिण कुठून येईल, किती लांब थबकेल, हे त्याचं तोच ठरवणार. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचे इशी १९११ साली कॅलिफोर्नियात रानातून बाहेर आले. त्यांच्याकडून डॉ. सॅक्सटन पोप यांनी धनुर्विद्या घेतली आणि १९२३ साली धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक लिहिलं. त्यातून अमेरिकेत धनुष्याची शिकार पुन्हा रुजली, पण नेम मात्र हाताच्या सवयीवरच राहिला. १९३४ साली विस्कॉन्सिनने हरणांसाठी धनुर्धरांचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. पुढे असे हंगाम वाढले, शिकारी वाढले, आणि जमिनीवरची खूण धनुष्यावर चढली. दांडीला चिकटपट्टी लावून तिच्यात कुणी आगकाडी खोचली, कुणी काचेच्या मण्याची टाचणी. आज तिथे धातूची चौकट असते, तरी तिच्यातल्या खुणेला ‘पिन’च म्हणतात. आपल्याकडे बंदुकीच्या नळीवरच्या मण्याला माशी म्हणतात. ही धनुष्यावरची माशी.

माशीला खरी किंमत आली ती मिसूरीच्या होलिस विल्बर ॲलन यांच्या कंपाउंड धनुष्यामुळे. १९६९ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. दोन्ही टोकांच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर दोरीचा भार एकदम उतरतो. आजच्या ७० पौंडी धनुष्यावर हातात जेमतेम १४ पौंड उरतात. साध्या धनुष्यावर हात थरथरायच्या आत बाण सोडावा लागतो, इथे मात्र पिन लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत थांबता येतं. दोरीतच ‘पीप’ नावाचं छोटं भोक बसवलं, की मागची माशीही मिळाली. पुढे पिनेत ऑप्टिकल फायबर आला. हरणं फिरतात पहाटे आणि तिन्हीसांजेला, तेव्हा त्याच्या टोकाचा हिरवा ठिपकाच काय तो दिसतो.

साइट बसवताना नवा माणूस हमखास उलट करतो. २० यार्डांवरून तीन-चार बाण सोडायचे आणि त्यांचा पुंजका कुठे पडतो ते बघायचं. पुंजका वर गेला, तर पिनही वरच सरकवायची. डावीकडे गेला, तर डावीकडे. मन म्हणतं खाली घे, पण पिन वर गेली की ती लक्ष्यावर आणायला धनुष्यच खाली येतं. चौकटीतला पाण्याचा बुडबुडा मधोमध हवा, नाहीतर उतारावर धनुष्य तिरकं होतं आणि बाण बाजूला जातो. पीपच्या गोलात साइटचा गोल दर वेळी तसाच बसायला हवा. हात गालाशी बोटभर सरकला, की सगळी जुळणी फुकट. म्हणूनच दुसऱ्याची जुळवलेली साइट आपल्याला चालत नाही.

निवडताना एक पिन घ्यावी की पाच, यावर वाद होतात. उघड्या मैदानात एकच सरकती पिन स्वच्छ वाटते. दाट झाडीत, हरिण चालत असताना, मला २०, ३० आणि ४० यार्डांच्या तीन अचल पिना बऱ्या वाटतात. अंतर मात्र मोजलेलंच हवं. सेकंदाला २८० फूट जाणारा बाण ४० यार्डांपर्यंत जवळजवळ तीन फूट खाली ओढला जातो. हरिण ४५ यार्डांवर असताना ४०ची पिन लावली, तर बाण पाचेक इंच खाली लागतो. काळीज-फुप्फुसाची जागा वितभरच असते. तेवढ्या चुकीने जनावर मरत नाही, जखमी होऊन तडफडत पळतं. अंतराची खात्री नसेल, तर बाण सोडूच नये.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. पण अमेरिकेत हरणांच्या शिकाऱ्यांनी उचलून धरलेलं ते चाकांचं धनुष्य साताऱ्यापर्यंत आलं. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी त्याच कंपाउंड धनुष्यावर जगज्जेती झाली, अंतिम फेरीत १४९-१४७. नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेतले. अंतर ५० मीटर, ठरलेलं. शिकाऱ्याच्या तीन पिनांच्या जागी इथे एकच भिंग. पीप तोच, बुडबुडाही तोच, आणि बाण वर गेला की साइट वरच सरकते.